टोळाचे नवे ब्रेक

११ फेब्रुवारी, लातूर

टँकर नाही. कालचंच पाणी पुरवलं.

सुधाकरांचा पायाचा व्यायाम झाला. खुर्चीत बसून उजवा पाय उचलायचा, धरायचा, खाली ठेवायचा. दिवाळीत झटका आला तेव्हा आख्खी उजवी बाजू गेली होती. जीभ सुटली, हात परत आला, पाय अजून जड. काठी मात्र नको म्हणतात. आयटीआयत इतकी वर्षं पोरांना गाडीचं काम शिकवलं, आता गल्लीत काठी टेकत गेलं की कुणी ना कुणी माजी विद्यार्थी भेटतो, आणि सर काय झालं म्हणतो. त्यापेक्षा घरात बरं.

चहा पिताना एकदम म्हणाले, "इंदू, टोळ काढू या बाहेर."

मी ऐकलं नाही असं दाखवून कप विसळायला गेले. विसळायला पाणी नाही हे नळाजवळ गेल्यावर आठवलं.

१२ फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जाईना. किती वर्षांनी नाव काढलं.

टोळ. हिरवी, दोन दारांची गाडी. सु. आणि त्यांचे मित्र शिवराजअप्पा, दोघांनी भागीत घेतलेली, आमचं लग्न व्हायच्या आधी. घेतली तेव्हा साधीच होती. मग या दोघांनी दुसरा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर कापला, आणि ती अशी काही पळायला लागली की नांदेडात गल्लीत शिरली तर पोरं ओरडायची, टोळ आला, टोळ आला. तेच नाव राहिलं. पळायची सगळी व्यवस्था केली दोघांनी. थांबायची नाही.

आता अप्पांच्या बंद पडलेल्या डाळ मिलच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे.

करुणाला पुण्याला फोन केला. ओरडलीच. बाबा अजून धड चालत नाहीत आणि तुम्ही दोघं काय ते भंगार काढायला निघालात. मी म्हटलं, मी कुठं हो म्हटलंय. म्हणाली, नाही तरी कुठं म्हटलंयस.

खरंय तिचं.

१५ फेब्रुवारी

मिलवर गेलो. अप्पांनी ताडपत्री ओढली. शेडभर धुरळा. रंग जागोजागी उडालाय, पण तोंडवळा तोच. दार उघडलं आणि आतला वास आला, रेक्झिन, पेट्रोल, उन्हात तापलेलं रबर. नव्या लग्नातली इंदू अजून त्या वासातच बसलेली आहे.

अप्पा म्हणाले, "वहिनी, इंजिन एका चावीत चालू हुतंय. थांबंल का, ते मला इचारू नका."

सु. आपले आपण बसले. उजवा पाय हातानं उचलून आत घेतला, ब्रेकवर ठेवला, दाबला. दात आवळलेले दिसत होते. जुने ड्रमचे ब्रेक, त्यांना आख्ख्या मांडीचा जोर लागतो. चांगल्या पायालाही लागायचा. शेवटी गुडघ्यावर दोन्ही हात टेकून दाबलं तेव्हा कुठं पेडल हललं.

मी बघितलं, अप्पांनी बघितलं. अप्पा टायरकडं बघत हवा कमी झालीय असं काहीतरी बोलले.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, आधी ब्रेक नवे करा, मग बोलू. वाटलं, विषय संपला. एवढ्या जुन्या गाडीला नवे ब्रेक कोण बसवून देतंय. पण हे घर येईपर्यंत खुलले. पुढच्या दोन चाकांना डिस्क लावायच्या. पेडलच्या पुढं बूस्टर बसवायचा, म्हणजे जोर लावायचं काम इंजिनकडं, पायानं नुसतं सांगायचं.

नुसतं सांगायचं, असं दोनदा म्हणाले.

२० फेब्रुवारी

सु. कागदावर ब्रेकचं चित्र काढत बसले, मी तूर निवडत. त्यातून ते वर्ष निघालं.

लातूर जिल्हा झाला ते वर्ष. मी नांदेडच्या कचेरीत नवी कारकून. नव्या जिल्ह्याला माणसं पाहिजेत म्हणून बदली मागून घेतली, सु.ना इकडच्या आयटीआयत जागा मिळाली. पहिल्या दिवशी कचेरीत टेबलं होती, खुर्च्या यायच्या होत्या. उभ्यानं कागद लावले आम्ही. ज्याच्या त्याच्या तोंडी आपला जिल्हा, आपला जिल्हा. भाजीवालीसुद्धा कोथिंबिरीचा भाव वाढवून म्हणायची, आता जिल्ह्याचं गाव हाय बाई.

त्याच हिवाळ्यात हौशी मंडळींनी नांदेड ते लातूर गाड्यांची शर्यत ठेवली. जीपा होत्या, फटफट्या होत्या आणि आमचा टोळ. शेजारी बसून रस्ता सांगायला अप्पा येणार होते, त्यांना ऐन वेळी कांजिण्या निघाल्या. सु. मला म्हणाले, चल. सासूबाई दारात उभ्या. मी पदर खोचला आणि बसले. वळण डावीकडं, पूल अरुंद, पुढं म्हशी. मी ओरडायची, हे ऐकायचे. माझं इतकं निमूट ऐकलं तो लग्नातला एकच दिवस असेल.

लोह्याच्या पुढच्या उतारावर ब्रेक तापून गेलेच. पेडल थेट तळाला. सु.नी गिअर पाडत पाडत गाडी तुरीत घातली. तुरीनं थांबवलं. शेताचा मालक धावत आला, शिव्या द्यायलाच आला असणार, आत बाई बघून थबकला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. लातूरला सगळ्यात शेवटी पोचलो. हार मात्र पहिल्या गाडीएवढाच मोठा.

ते सांगताना सु. हसत होते. पेन्सिल हातात तशीच. झटक्यानंतर पहिल्यांदा पूर्ण तोंडानं हसले. मी तूर परत पहिल्यापासून निवडायला घेतली.

२७ फेब्रुवारी, नांदेड

एसटीनं एकटी आले. अहमदपूरपासून पुढं सगळं करपलेलं. झाडांच्या सावलीला जनावरं नुसती उभी. गोदावरीत एका बाजूला पोरांचं क्रिकेट चाललेलं.

रशीदभाईंचं गॅरेज तिथंच आहे, माणूस पिकलाय. शर्यतीत आमच्या मागं जीपमधून पानेपकडी घेऊन आलेले हेच. सु.चं कळल्यावर बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी. मग म्हणाले, भाभी, मोडीत निघालेल्या एका गाडीच्या पुढच्या डिस्क माझ्याकडं हायेत, बूस्टर पण बघतो. धरायचे कान तासून, छिद्रं पाडून बसतील. मी इच्छा नसताना विचारलं, म्हणजे होईल का. म्हणाले, "होईल. सर चालवतील का, ते मला नका विचारू. माझं काम गाडी थांबवायचं."

मुक्काम धाकट्या बहिणीकडं. तिच्याकडं नळाला पाणी आहे. अंघोळ करताना चोरी केल्यासारखं वाटलं.

७ मार्च

महाशिवरात्र. अप्पांचा उपास. तरी मिलवर हजर, कपाळाला विभूती, हातात पाना. रशीदभाई सामान घेऊन आले. जुने ड्रम निघाले. आतले लायनर झिजून कागद झालेले. सु.नी एक हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि खिशात ठेवला.

अप्पांचं सारखं चाललंय, आमचं उदगीर आता जिल्हा होतंय बघा. दर दोन-चार वर्षांनी होतंय. सु. म्हणाले, झालं की परत शर्यत ठेवू. दोघं शेंगदाणे खात बसले. तिकडं चौकात टँकरवर भांडणं. टाकीजवळ घोळक्यानं जमायचं नाही असा हुकूम निघालाय, पण घागर काय हुकूम वाचते.

१४ मार्च

बसलं सगळं. डिस्क, तिला चिमटीत धरणारे कॅलिपर, बूस्टर, तेल ढकलणारा नवा मास्टर सिलिंडर. गाडी खालून एकदम नवी आणि वरून म्हातारी.

पहिला मान सु.ना. बसले. पाय ठेवला. पेडल सरळ आत गेलं, मऊ, ताज्या पावावर पाय ठेवल्यासारखं. परत दाबलं. तसंच. त्यांचा चेहरा मी बघत होते. हळूच उतरले आणि ओट्यावर जाऊन बसले. पायच दाबत नाही असं त्यांनी धरलं.

मग रशीदभाई बसले. त्यांचाही पाय खालपर्यंत गेला. "सर, गाडीच मऊ हाय."

सु. उठून आले. एवढे पटकन उठलेले मी कित्येक महिन्यांत बघितले नव्हते.

गाडीत बिघाड निघाला म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

१६ मार्च

पाइपात हवा राहिली असणार. हवा काढायची म्हणजे एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचं निपल उघडून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर सोडायचे. पेडलवर मी. रशीदभाई खालून सांगणार, दाबा, धरा, सोडा. दुपारभर तेच. पाय भरून आला. बुडबुडे थांबले. पेडल मऊच.

२२ मार्च

आज वाईट झालं.

परत हवा काढत होतो. रशीदभाई नांदेडला गेलेले, मी आणि अप्पाच, सु. स्टुलावर. माझ्या हातून ब्रेक ऑइलची बाटली कलंडली. बोनेटवरून मडगार्डवर. हे तेल रंग खातं, लगेच पाण्यानं धुतलं नाही तर रंग फुगून निघतो. सु. ओरडले, पाणी. समोर घागर दिसली. मी उचलली आणि ओतली.

ओतल्यावर दिसलं, दारात शांताबाई उभी. मिलच्या राखणदाराची बायको. घागर तिची. उन्हात रांगेत उभं राहून भरून आणलेली, आत्ताच ठेवलेली. पाणी जमिनीत जिरताना ती बघत होती, मीही बघत होते. ती रिकामी घागर घेऊन परत निघाली. अप्पा तिच्या मागं गेले.

रंग वाचला. सु.नी आज जेवताना एकदाही गाडीचं नाव काढलं नाही.

२३ मार्च

घरातल्या दोन्ही घागरी ऑटोत घालून शांताबाईकडं नेल्या. नको नको म्हणाली, मग घेतल्या. एक उतरवून घेताना म्हणाली, "गाडी वाचली का?"

हो म्हटलं.

"मग झालं. साहेब बसणार हायेत न्हवं तिच्यात."

ती असं म्हणाली म्हणून मला जास्त लागलं. आपण पाण्यात मोजतो आता माणसाला, आणि तिनं नाही मोजलं.

आज घरात पाणी नाही. दोघांनीही तक्रार केली नाही.

२ एप्रिल

सापडलं. आणि सु.ना सापडलं.

रशीदभाई परत आले होते. परत हवा काढणं सुरू. सु.ना उकिडवं बसता येत नाही, म्हणून चाकाजवळ स्टूल मांडून बसलेले, नुसते बघत. मला दाबा, धरा, सोडा चालू. एकदम म्हणाले, थांबा. मग रशीदभाईंना शांतपणे विचारलं, "हवा कुठं जाते रे, वर की खाली?"

रशीदभाई म्हणाले, वर.

"मग निपल खाली कसं?"

बघितलं तर खरंच. कॅलिपर उजवीकडचा डावीकडं आणि डावीकडचा उजवीकडं बसलेला. छिद्रं दोन्हीकडं जुळतात, त्यामुळं कळलं नाही. निपल खाली गेलं, हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहिली, आम्ही खालून नुसतं तेल काढत राहिलो. रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, सर, मोडीतल्या गाडीवरून काढताना खुणा केल्या नाहीत मी. सु. म्हणाले, मलाही पहिल्या दिवशी दिसायला पाहिजे होतं, मी स्वतःच्या पायाकडं बघत बसलो.

दुपारपर्यंत अदलाबदल झाली. थोड्याच दाबण्यात पेडल दगडासारखं. अप्पांनी पेढे आणले. शांताबाईच्या घरीही दिले.

सु. घरी आल्यावर बराच वेळ उजवा हात बघत होते. पाना त्यांनीच फिरवला शेवटचा.

८ एप्रिल

पाडवा. गुढी उभारायची आमच्यात पद्धत नाही, अप्पांकडं जेवायला. पुरणपोळी. अप्पांच्या बायकोनं हात धुवायला अर्धा पेला पाणी दिलं आणि आपणच ओशाळली.

जेवून मिलवर. टोळ पहिल्यांदा आवारात फिरवला, मी. आवाज तोच. पत्र्यांवरची कबुतरं उडाली. नव्या लग्नात सु.नी शिकवलेलं, वळताना हातांना आपोआप आठवलं कुठं काय आहे ते. ब्रेक मारला आणि गाडी अशी थांबली की अप्पांची टोपी पुढं आली. मी इतकी हसले की डोळ्यांना पाणी.

पण थोड्या फेऱ्यांनी जळका वास. पुढची चाकं तापलेली, हात लावू देईनात. ढकलली तर गाडी ढिम्म.

१३ एप्रिल

काल रेल्वेनं पाणी आलं शहरात. स्टेशनकडं गर्दी. टीव्हीवर आमचं गाव. करुणाच्या मैत्रिणींनी तिला फोन करून विचारलं, तुझे आईबाबा बरे आहेत ना. तिला लाज वाटली म्हणे. कशाची, ते तिलाही सांगता आलं नाही.

मला ते जिल्हा झाल्याचं वर्ष आठवलं. तेव्हाही स्टेशनकडं गर्दी होती, नवे साहेब येणार म्हणून. आम्ही पोरी कचेरीच्या खिडकीतून बघत होतो.

उद्या जयंती. निळे झेंडे लागले गल्लीत.

१७ एप्रिल

तापण्याचं कारण रशीदभाईंकडून फोनवरच कळलं. पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंत जी दांडी जाते तिला थोडी मोकळीक लागते. ती घट्ट बसलेली. म्हणजे पाय काढला तरी ब्रेक थोडा धरूनच राहायचा. पाय सोडतो, गाडी सोडत नाही.

सु.नी आपल्या हातानं दांडी आखूड केली. थोडी थोडी, मला सारखं पेडल दाबायला लावून. आता चाक ढकललं की सुटं फिरतं. आवारात बऱ्याच फेऱ्या मारल्या, चाकं गार.

"आता माझी पाळी," म्हणाले.

मी शब्द दिला होता. ब्रेक झाले.

२४ एप्रिल

अप्पांनी आवारात रिकाम्या पोत्यांची रांग मांडली. त्याच्या आधी थांबायचं. सु. स्टेअरिंगवर, मी शेजारी. क्लच डाव्या पायात, तो चांगला. गाडी सुटली बरोबर. गिअर बरोबर. चेहरा तोच, तरणा. मी म्हटलं थांबा.

थांबली, पोत्यांवरून गेल्यावर.

परत. परत पोती.

म्हणाले, ब्रेक पकडत नाहीत. रशीदभाई बसले, पोत्यांच्या अलीकडं थांबले. मी बसले, अलीकडं. मग सु. परत. पोती.

मग सगळं खोलून बघितलं. बूस्टरचा पाइप, त्यातली झडप, डिस्कवर तेल लागलंय का, मागची चाकं. कुठं काही नाही. चांगलं चालत असलेल्यातलं काहीतरी मोडलेलं निघावं म्हणून सगळे धडपडत होते. मीही.

२६ एप्रिल

आज मी पोत्यांकडं बघितलंच नाही. खाली बघत बसले, त्यांच्या पायाकडं.

मी थांबा म्हणते. पाय ऐकतो. पण अॅक्सिलरेटरवरून निघायच्या आधी तिथंच घुटमळतो. मग निघतो, ब्रेकवर येतो, आणि एकदा आला की चांगला दाबतो. बोटभर वेळ. तेवढ्यात गाडी पोत्यांवर.

हे त्यांना कसं म्हणणार.

घरी जेवण झालं. सु. हात पुसत म्हणाले, "इंदू, ब्रेक चांगले झालेत."

हो म्हटलं.

"पाय पोचायला वेळ लावतो. दाबायला नाही. आपण दाबायचं सोपं केलं."

मी ताट उचलून घेतलं. तेही उठले आणि पंख्याखाली जाऊन बसले. माझ्याकडं बघत नव्हते, म्हणून मी बरंच काम काढून स्वयंपाकघरात राहिले.

९ मे

बसवजयंती. अप्पा मिरवणुकीत. आम्ही घरीच. त्या दिवसापासून मिलवर गेलो नाही. अप्पा काल येऊन गेले. गाडी विकावी का, असं सु.च विचारत होते त्यांना. अप्पा चिडले. इतक्या वर्षांत अप्पांना चिडलेलं मी दुसऱ्यांदाच बघितलं. म्हणाले, "अर्धी माझी हाय. माझी अर्धी मी इकत न्हाई. तुझी अर्धी कापून ने."

गेल्यावर सु. हसले थोडे.

१३ मे

डॉक्टरांकडं. सगळं सांगितलं, पोत्यांचंसुद्धा. त्यांनी पाय तपासला, टाळी वाजवल्यावर उचलायला लावला. म्हणाले, सुधारतोय, अजून सुधारेल, किती ते सांगू शकत नाही. रस्त्यावर सध्या अजिबात नाही. पावसाळ्यानंतर या, मग बघू.

सु.नी विचारलं, उभ्या गाडीत सराव केला तर. डॉक्टर म्हणाले, करा की.

१५ मे

म्हणून परत मिल. गाडी बंद, चाकांना दगड. सु. आत. मी शेजारी बसून मध्येच म्हणायचं, थांबा. पाय तिथून इथं. किती वेळा ते मोजायचं नाही असं आधीच ठरवलं, नाही तर त्यातच जीव अडकतो. शेडमध्ये भट्टी. मध्ये मध्ये गप्पा. कुठलं वळण, कुठला पूल, तेव्हाचे कोण कोण गेले. थांबा. परत गप्पा. शांताबाई येऊन बघून जाते. तिला वाटत असेल, बंद गाडीत बसून ही दोघं कुठं चाललीत.

२१ मे

पौर्णिमा. विहारात गेलो. खीर. सु. पायऱ्या कठडा न धरता चढले. उतरताना धरला.

मिलवरही गेलो. आज काही वेळा पाय घुटमळला नाही असं मला वाटलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या "थांबा"ची सवय झालीय, तू तोंड उघडायच्या आधीच मी निघतो. रस्त्यात कुत्रं सांगून येत नाही.

बरोबर आहे. मग मी काही न सांगता नुसती मांडीवर थाप मारली. तेव्हा घुटमळला.

३० मे

करुणा आली. दोन दिवस रागात. मग आज बापाबरोबर मिलवर गेली. परत आली तेव्हा हाताला ग्रीस. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, आई, मी लहानपणी या गाडीत कधी बसलेच नाही, असं कसं. मी म्हटलं, तू झालीस आणि आम्ही स्कूटर घेतली. ती हाताचं ग्रीस फडक्यानं पुसत राहिली. मग म्हणाली, ब्रेक खरंच छान आहेत.

५ जून

आज टोळ रस्त्यावर आला.

कागदपत्रं अप्पांनी सगळी नीट करून ठेवलेली. स्टेअरिंगवर मी. सु. शेजारी. करुणा आणि अप्पा मागं, गुडघे हनुवटीला. सकाळीच निघालो, उदगीरच्या रस्त्यानं, नळेगावपर्यंत चहा प्यायला. फार पुढं जायचं नाही असं ठरलेलं. आभाळ भरून आलंय दोन दिवस, पडत नाही.

रस्ता रुंद झालाय, दोन्ही बाजूंची झाडं गेली. सु. सांगत होते, इथं चिंच होती, इथं रहाट होता. अप्पा मागून म्हणायचे, न्हाई, तो पुढं. भांडत भांडत. बायका डोक्यावर घागरी घेऊन कडेनं चाललेल्या, आवाजाला वळून बघायच्या. मी वेग कमी करायची, त्यांना धूळ नको म्हणून.

नळेगावात चहावाल्यानं गाडीभोवती फेरी मारली. कुठलं मॉडेल काका, म्हणाला. सु. म्हणाले, ब्रेक नवीन हायेत. एवढंच.

परत येताना एका उतारावर पुढं ट्रॅक्टर. कडब्यानं भरलेला, त्याच्या पुढचं काही दिसेना. तो एकदम हळू झाला. मी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी, सरळ, जराही इकडं तिकडं नाही. मागं अप्पा "अगागा" म्हणाले. मग करुणा हसायला लागली.

डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, सु.चा उजवा पाय पुढं गेलेला. त्यांच्या बाजूला पेडल नाही, नुसता पत्रा. तो पायानं घट्ट दाबून धरलेला, टाच उचललेली.

माझ्या आधी पडला, माझ्याबरोबर पडला, की नंतर, ते मला सांगता येणार नाही. मी रस्त्याकडं बघत होते.

ट्रॅक्टर पुढं गेला, आणि त्यांनी पाय हळूच मागं घेतला.